चर्चखालचं पाणी

गल्लीतलं चर्च जुनं आणि लहान. रविवारी निम्मी माणसं बाहेर उन्हात उभी राहायची. फादरांना सभागृह वाढवायचं होतं, आणि ते काम आलं गल्लीतल्याच एका घरच्या सुनेकडे. ती आर्किटेक्ट होती. नवऱ्याबरोबर शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायची. चर्चला खेटून असलेल्या घरात तिचे सासरे एकटे राहत. ते गल्लीच्या मंडळाचे अध्यक्ष, आणि सगळ्यात कडवा विरोध त्यांचाच.

पहिल्या नकाशात चर्चच्या मागे उंच इमारत होती. तो पाहून सासरे भर सभेत उठले. "आमच्या कौलांच्या वर एक वीट जरी दिसली, तरी मी कामासमोर आडवा पडेन. सूनबाई, तुलासुद्धा सूट नाही."

त्यांचं अगदीच चुकत होतं असंही नाही. दगडी घरं एकमेकांना खांदा लावून उभी होती, आणि आसपासच्या गल्ल्या काचेच्या इमारतींनी कधीच गिळल्या होत्या. वर जायचं नाही, बाजूला जागा नाही. शेवटी तिने खाली जायचं ठरवलं. मागच्या अंगणाखाली तळघर, आणि वर पुन्हा जसंच्या तसं अंगण. सभेत टाळ्या पडल्या. "माझी सून आहे," सासरे येईल त्याला सांगत सुटले.

खणताना पाणी लागलं. ते लागणार हे तिने धरलंच होतं. भिंती पूर्ण होईपर्यंत पंप लावून उपसायचं, एवढंच. पण भिंती झिरपत राहिल्या, काम लांबलं आणि पंप चालूच राहिला. त्याची घरघर गल्लीच्या इतकी अंगवळणी पडली की ती कुणाला ऐकूही येईनाशी झाली.

एका दुपारी ती सासऱ्यांची औषधं द्यायला आली, तर उंबरठ्याशी लाकडाची कुरळी सालपटं पडलेली. सासऱ्यांच्या हातात रंधा.

"दार जरा फुगलंय," ते म्हणाले.

"बाबा, हवा तर कोरडी ठणठणीत आहे. दार फुगेल कसं?"

"जुनं लाकूड आहे. त्याची आपली मर्जी." त्यांनी पायानेच सालपटं बाजूला सारली.

ती शेजारच्या शिंपीणबाईंकडे गेली. तिथेही मशीनखाली तशीच सालपटं.

"तुझ्या सासऱ्यांनीच सांगितलंय गप्प बसायला," शिंपीणबाई आवाज खाली आणून म्हणाल्या. "तळघर बारगळलं तर ती उंच इमारत पुन्हा डोकं वर काढेल म्हणे. सगळ्यांचीच दारं अडकतायत गं. घासतोय आणि राहतोय."

ती परसातल्या विहिरीकडे धावली. पोहरा खाली सोडला, तर तळाशी तो चिखलात थपकन आपटला. पंपाने नुसता खड्डा कोरडा केला नव्हता, अख्ख्या गल्लीखालचं पाणी ओढून घेतलं होतं. खालची माती आटत होती आणि तिच्यावरची घरं बसत होती. दारं फुगली नव्हती. चौकटी वाकत होत्या.

ती तशीच चर्चमध्ये शिरली. "फादर, पंप बंद करा. आत्ताच्या आत्ता."

"अगं, खड्डा भरून जाईल. सगळी मेहनत पाण्यात!"

"जाऊ द्या पाण्यात."

फादरांनी भिंतीवरचा पडदा बाजूला केला. मागे बोट जाईल एवढा तडा होता, जमिनीपासून थेट छतापर्यंत.

"मला वाटलं, फक्त आमचंच असं झालंय," ते म्हणाले, आणि त्यांनी स्वतः जाऊन बटण दाबलं.

घरघर थांबली. गल्लीत शांतता पसरली, आणि त्या शांततेत घरांचा आवाज ऐकू आला. खोल, कण्हल्यासारखा. माणसं रस्त्यावर आली. सासरे तेवढे आले नाहीत.

तिने दारावर थापा मारल्या. "बाबा!"

"कडी निघालीये, पण दार हलत नाही," आतून आवाज आला.

"मागच्या दाराने या!"

"तिकडे धूळ पडतेय गं. जायला धीर होत नाही."

फादर खड्ड्यावरून पहार घेऊन आले. ते दार म्हणजे सासऱ्यांचा जीव की प्राण. वर्षानुवर्षं स्वतःच्या हातांनी तेल लावून त्यांनी ते राखलं होतं.

"बाबा, दार फोडतोय."

आतून आवाज आला, "खालच्या कोपऱ्यातून फोडा. वरची नक्षी वाचेल."

तेवढ्यात आत काहीतरी धाडकन कोसळलं.

"फोडा!" सासरे ओरडले. "कुठूनही फोडा!"

त्यांना बाहेर ओढलं तेव्हा त्यांचे केस धुळीने पांढरेफटक झाले होते. मागची खोली गेली होती. पुढची भिंत मात्र रस्त्यावरून अगदी पूर्वीसारखीच दिसत होती.

"पाणी परत आलं की थांबेल ना हे?" त्यांनी विचारलं.

एकदा बसलेली माती पुन्हा वर येत नाही, हे तिला ठाऊक होतं. "माहीत नाही, बाबा."

ते एकदम उठले आणि घरोघरी जाऊन कड्या वाजवू लागले. "बाहेर पडा! आहे तसं टाका आणि निघा!" ज्यांना गप्प बसवलं होतं, त्यांनाच आता हात जोडून सांगत होते. दोन दारं पहारीनेच उघडावी लागली.

अंधार पडायच्या आत गल्ली रिकामी झाली. सगळे जिवंत होते. घरं टिकतील की नाही, ते कुणीच छातीठोकपणे सांगेना.

"चौकशी होईल," सासरे म्हणाले. "मी सांगेन, लपवायला मीच लावलं."

"नकाशा माझा होता, बाबा. विहिरीत मी आधीच डोकावायला हवं होतं."

त्यांनी तिचा दंड धरला, आणि भिंतींपासून लांब, रस्त्याच्या अगदी मधोमध दोघं चालू लागले. मागे कुठेतरी एक कौल निसटून फुटलं. दोघांनीही मान वळवली नाही.