सणाचं हॉटेल

“मालक, दुपारचं तेवढं सोडा. चारच्या आत परत येतो.”

मालक फोनवर टेबलं लिहून घेत होते. मान वर न करताच म्हणाले, “आज? अरे, सणाचं सगळं गाव आपल्याकडेच जेवायला निघालंय.”

“एखाद्या सणाला बंद ठेवलं तर काय बिघडेल?”

“हे तू विचारतोस? मी बंद ठेवतो म्हणालो तेव्हा भांडायला कोण आलं होतं? एकट्या माणसानं सणाला जायचं कुठे, म्हणून मलाच ऐकवलं होतंस.”

दादाने टेबलावरचे ग्लास सरळ केले. पन्नाशी उलटलेला हा वेटर हॉटेलात सगळ्यांचा दादा होता, मालकांचासुद्धा, फक्त रजेचा विषय निघेपर्यंत. आणि ते वाक्य त्याचंच होतं. तेव्हा आई होती, घरी आप्पांना सोबत होती, आणि सणाला लोकांना वाढण्यात त्याला मोठेपणा वाटायचा. आता आई नव्हती. आप्पांचं हृदय थकलं होतं, आणि पुढच्या वर्षाचं काही बोलू नका, असं डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं. हॉटेलातल्या सव्वीस वर्षांत बापलेक सणाच्या दिवशी एकत्र जेवले नव्हते. सकाळी निघताना आप्पा एवढंच म्हणाले होते, “जमलं तर ये. मी थांबतो.”

त्याने घरी फोन केला. “आप्पा, नाही जमत. तुम्ही जेवून घ्या.”

“बरं,” म्हणून आप्पांनी फोन ठेवला.

दीड वाजता नुसती झुंबड उडाली होती. दारात माणसं ताटकळत होती, स्वयंपाकघरात आचाऱ्याचा पारा चढला होता. दादा दोन्ही हातांत ताटं घेऊन वळला, तर भिंतीजवळच्या सहा नंबरच्या टेबलावर आप्पा बसलेले. इस्त्रीचा शर्ट, गळ्यापर्यंत लावलेली बटणं, आणि धाप अजून बसायची होती.

“एवढे जिने उतरून एकटे आलात?”

“तू येत नाहीस, मग मी आलो. हॉटेल उघडंच आहे की.”

दादाला हसू आलं. “मासा आणि भात आणतो,” तो म्हणाला, आणि जाता जाता त्याने आप्पांच्या समोरची खुर्ची उचलून पलीकडच्या मोठ्या टेबलाला लावून दिली. सणाला एकटं माणूस आलं की समोरची खुर्ची गुपचूप हलवायची, ही त्याचीच रीत. रिकाम्या खुर्चीकडे बघत त्या दिवशी घास उतरत नाही, हे त्याने फार पाहिलं होतं. इतक्या वर्षांच्या सवयीने हात चालले, डोक्याला विचारायला थांबले नाहीत.

तो ताट घेऊन आला तेव्हा आप्पा म्हणाले, “खुर्ची कशाला नेलीस? दोन घास टेकशील म्हटलं माझ्यासोबत.”

 दादाला कळलं, आपल्याच बापाला आपण एकटं गिऱ्हाईक करून टाकलं. त्याने मागे पाहिलं. खुर्चीवर एक आजीबाई बसल्या होत्या आणि त्यांच्यापुढे सूपही आलं होतं. त्यांना उठवणार कोण?

“आलोच, आप्पा,” तो म्हणाला.

मग तीन नंबरची तक्रार, बारा नंबरचा भात, मालकांची हाक. प्रत्येक फेरीत तो “आलोच” म्हणत सहा नंबरवरून गेला. प्रत्येक वेळी आप्पांनी मान डोलावली. ते अगदी सावकाश जेवत होते.

पाऊण तासाने ते आपणहून उठले. “लोक उभे आहेत. टेबल अडवून बसणं बरं नाही. तुझ्यासाठी ताटात ठेवलंय, निवायच्या आत खाऊन घे.”

दादाने त्यांना धरून दारापर्यंत नेलं, भाड्याच्या गाडीत बसवलं. गाडी वळेपर्यंत तो थांबला. त्याला तेवढं करायचंच होतं.

आत आला तर सहा नंबरचं टेबल लखलखीत पुसलेलं. महिन्यापूर्वीच लागलेला लंबू वेटर हातात फडकं घेऊन उभा होता.

“तुझं टेबल केलं साफ,” तो म्हणाला. “म्हाताऱ्यानं चांगला अर्धा मासा टाकला बघ. काट्याच्या एका बाजूचाच खाल्ला. दुसऱ्या बाजूला बोटसुद्धा लावलं नाही. अर्धा भात पण तसाच. आवडला नसेल का?”

दादाने मोरीजवळच्या उष्ट्याच्या बादलीकडे पाहिलं. तिच्यात वरून कुणीतरी सूप ओतलं होतं.

“आवडला,” तो म्हणाला, आणि दारातल्या पुढच्या माणसाला त्याने हाताने आत बोलावलं.