सात दिवस गाडी बाहेर

मुलांनो, जरा डोळे मिटा. समजा, तुम्ही एका रिकाम्या गॅरेजमध्ये मागच्या भिंतीला पाठ लावून उभे आहात. हातात ब्रश आहे. पायाखाली जेमतेम दोन पावलं आणि एक डबा मावेल एवढीच कोरडी जमीन. पुढे थेट दारापर्यंत ओला रंग. मागे दार नाही. खिडकी आहे, पण ती मांजरापुरती. आणि बाहेर एक नवीकोरी गाडी हॉर्नवर हॉर्न वाजवते आहे.

उघडा डोळे. अगदी अशीच उभी होती एक आजी.

बत्तीस वर्षं तिनं रस्त्यांवर पांढरे पट्टे मारले होते. बरोबरची माणसं तिला 'रेघवाली' म्हणायची. त्या कामाची रीत अशी, की ओला रंग पाठीमागे ठेवायचा आणि आपण कोरड्या रस्त्यावर पुढे चालत राहायचं. खोलीची जमीन रंगवायची रीत नेमकी उलटी. आधी मागची भिंत धरायची आणि दाराकडे मागे मागे सरकत यायचं. हे शेंबड्या पोरालाही कळतं. आजीलाही कळत होतं. पण तिनं रंगवायला घेतलेली वेल दारापाशी उगवली, पानाला पान फुटत गेलं, इंचभर जागा मोकळी राहिना, आणि रस्त्याची सवय लागलेले पाय पुढेच चालत राहिले. अख्ख्या गॅरेजभर हिरवी-निळी पानं, वळसे, तणावे. सरळ रेघ औषधालासुद्धा नव्हती.

मुलगा गाडीतून उतरला आणि दारातच थबकला.

"आई! हे काय करून ठेवलंस? मी राखाडी रंग आणून दिला होता ना?"

"मारला की. तीन दिवस झाले त्याला. त्याच्यावरच तर काढलंय."

"अगं, पण गाडीखाली हे बघणार कोण?"

"गाडी काय चोवीस तास खिळून राहणार आहे? तू कामावर गेलास की मी दारात खुर्ची टाकून बघत बसेन."

"बरं बाई, बघ. आता बाहेर ये. चार पावलं उमटली तर उमटू देत. मी गाडी आत घेतो."

"गाडी आत यायची नाही," आजी म्हणाली आणि वाकून एका पानाचं टोक पुरं केलं. "सात दिवस. तापलेलं टायर कच्च्या रंगावर उभं राहिलं, की निघताना साल काढल्यासारखा रंग उचलून नेतं."

"सात दिवस! नवी गाडी उन्हात?"

"मग काय तिला पदराखाली घेऊन हिंडणार आहेस?"

मागच्या सीटवर बसलेली नात फिसकन हसली. बापानं डोळे वटारले तशी ती तोंडावर हात ठेवून खाली उतरली.

"आणि तू गं? तू सात दिवस तिथेच मुक्काम करणार?"

"माझं वजन काय गाडीएवढं आहे? संध्याकाळपर्यंत पाऊल टाकण्यापुरतं वाळेल." आजीनं रिकामा डबा उपडा घातला आणि त्यावर ऐसपैस बसली. "तोवर बसते."

"गुडघे धरतील तुझे."

"धरू देत. माझेच आहेत."

मुलाला आता खरंच राग आला. "हट्टाला काही सीमा? पुसलं गेलं तर पुन्हा काढ. हाय काय अन् नाय काय!"

ब्रशचे केस आजीनं फडक्यात नीट दाबले.

"बत्तीस वर्षं पुन्हाच काढत होते रे," ती म्हणाली. "मी आज पट्टा मारायचा, उद्यापासून लोकांनी त्यावरून चाकं न्यायची. माझी तक्रार नव्हती. रस्ता लोकांचा होता. माझ्या हातची एक रेघ आज शोधून दाखव, सापडणार नाही. पण ही जमीन माझी आहे. हिच्यावरून कोणी कधी जायचं, ते मी सांगणार."

मुलानं गाडीकडे पाहिलं, उन्हाकडे पाहिलं आणि लेकीच्या खांद्यावर हात ठेवला.

"तू हलकी आहेस. चपला काढ, चवड्यांवर जा आणि आजीला हाताला धरून घेऊन ये. आजी तुझं ऐकते."

नातीनं चपला काढल्या. गॅरेजच्या तोंडाशी जाऊन ती उभी राहिली. पहिलं पान तिच्या अंगठ्यापासून बोटभर लांब होतं. ओल्या रंगावर तिनं नजर फिरवली, पार मागच्या भिंतीपर्यंत, डब्यावर बसलेल्या आजीपर्यंत.

मग ती वळली. गाडीकडे तोंड केलं, दाराच्या बरोबर मधोमध मांडी घातली आणि दोन्ही हात पसरून बसली.

"बाबा," ती म्हणाली, "सात दिवस."