चैतालीताईचा हिरवा ठिपका

मी एक जुना लॅपटॉप आहे. घाबरू नका मित्रांनो, चावत नाही! उलट दुपारी घर शांत झालं की मलाच अजून भीती वाटते.

मी देवळाली कॅम्पला चैतालीताईकडे राहतो. तिची कंपनी दुसऱ्या कंपन्यांच्या कॉम्प्युटरच्या अडचणी सोडवून देते. काय मजा असायची! आज बँकेचं काम, उद्या विमानतळाचं, परवा औषधांच्या कारखान्याचं. सगळं ताई माझ्यावरच शिकली. पगार चांगला, शिवाय नाशिक सोडायला नको. इथल्या लष्करी तळावर तोफांचा सराव सुरू झाला की परदेशातले साहेब मीटिंगमध्ये दचकायचे. ताई हसून सांगायची, "काही नाही सर, आमच्याकडे हे रोजचंच!"

पण माझ्या पडद्यावर तिच्या नावाशेजारी एक ठिपका असतो. हिरवा म्हणजे ती कामावर. जरा हात थांबला की तो पिवळा होतो, आणि लगेच तिच्या वरिष्ठांचा, मनोजसरांचा मेसेज, "कुठे आहेस?" एकाच वेळी दोन कंपन्यांचं काम, वर हा पहारा! शेवटी ताईने युक्ती काढली. उठताना ती माउस मनगटी घड्याळावर ठेवायची. खाली सेकंदकाटा फिरायचा, वर माझा बाण आपोआप हलायचा. ठिपका हिरवाच!

त्या दुपारी ती उपाशी होती. माउस घड्याळावर ठेवून उठली आणि धाडकन खाली पडली. मी नुसता बघत राहिलो. माउसला कुणाचा हात नव्हता, तरी बाण हलत होता. तिच्यासोबत काम करणाऱ्या फरहानचे मेसेज येत होते, "अगं, हिरवी दिसतेस, मग बोल की! भाव खातेस का?" मला तोंड कुठे होतं?

तिची आई, चांगुणाकाकू, बाजारातून आली तेव्हा ताईचा फोन वाजत होता. तिने उचलला, फरहान होता.

"काकू, चैताली कुठेय? हिरवी तर दिसतेय!"

"हिरवी कसली रे बाबा! पांढरीफटक पडलीय माझी पोर!"

ताई वाचली. बरी झाल्यावर पुन्हा माझ्यासमोर येऊन बसली. काम आवडतं तिला, नोकरी सोडली नाही. फक्त आता एकाच कंपनीचं काम घेते. काकू मात्र सारखी दारात येते.

"चैतू?"

"हं."

एवढंच. कधी कधी तो "हं" यायला उशीर होतो. तेव्हा काकूचा श्वास अडकतो, आणि शप्पथ सांगतो, माझाही.

म्हणून मित्रांनो, तुमच्या घरात कुणी दार लोटून काम करत बसलं असेल, तर मधूनमधून हाक मारा. आणि आतून "हं" आल्याशिवाय दारातून हलू नका.