टॉकीजातली भंगार प्रिंट

"दामिनी, पेटीतली ती सिनेमाची सीडी काढ व," असं शकुंतलाबाई म्हणाल्या आणि दामिनीच्या काळजात धस्स झालं.

पितृपक्षातला दिवस. सासऱ्यांची, म्हणजे घनश्यामजींची, तिथ होती. पान वाढून झालं, कावळाही शिवून गेला, आणि आता सासूबाईंना सिनेमा पाहायचा होता. श्राद्धाच्या दिवशी सिनेमा, तोही मारामारीचा अन् हसण्याचा! या घरची ही तऱ्हा यंदाच्याच उन्हाळ्यात लग्न होऊन आलेल्या पोरीला कुणी सांगितली होती का? नाही. मग तिचं काय चुकलं, सांगा.

चुकलं ते असं. धानाची लोंबी भरायला लागली की पोपटांचे थवे बांधीवर, म्हणजे धानाच्या खाचरावर, तुटून पडतात. म्हणून मोहाडीकडची माणसं जुन्या सीड्या दोऱ्यानं शेतात टांगतात. उन्हात चमकल्या की पाखरं बिचकतात. दामिनीनं पेटीतल्या भजनांच्या सीड्या घेतल्या आणि ही सिनेमाची, वर काहीच न छापलेली कोरी सीडीही घेतली. बरं, न पाहता नाही. आधी लावून पाहिली होती. चित्र काळपट, तिरपं, मधूनच कुणाचं तरी डोकं आडवं जायचं, आवाज रांजणात तोंड घालून बोलल्यासारखा. असलं भंगार कोण जपते, म्हणून तिनं खुशाल टांगून दिली.

आता खरं सांगावं तर सासू फाडून खाते, लपवावं तर किती वेळ? धरलं तर चावते, सोडलं तर पळते. नवरा मनिष भंडाऱ्याला गेलेला. घाबरल्या घाबरल्या तिला एक सुचलं.

"आई, तोच सिनेमा मोबाइलवर एकदम साफ भेटते. टीव्हीवर लावू का?"

लावला. अन् काय साफ! हिरोच्या मिशीचा केस न केस दिसत होता. ठोसा बसला की फळीवरची भांडी थरथरत. हलवायाच्या दुकानातली मारामारी आली. हिरोनं झाऱ्यानं बडवत गुंडाला पाकाच्या कढईत बसवलं. सुटलो बाप्पा, असं दामिनीला वाटलं. तेवढ्यात शकुंतलाबाई पुढं सरकल्या, टीव्हीला कान लावला आणि त्यांचं तोंड उतरलं.

"हसले काहून नाही?"

"कोण, आई?"

"अवं, तुहा सासरा!" शकुंतलाबाई रडकुंडीला आल्या. "तुमसरच्या टॉकीजात आमच्याच समोर एक माणूस थैलीत कॅमेरा लपवून सिनेमा चोरून राहिला होता. आमाले का मालूम! मंग बाजारातून सीडी आणली, घरी लावली, तं टीव्हीतून हेच खदाखदा हसले. फोटो लय हायेत पोरी, पण त्याईचा आवाज दुसरा कुठंच नाही. सीडी कुठं हाय?"

इतका वेळ दामिनी सासूला भिऊन होती. ती भीती आता काहीच वाटेना. मेलेल्या माणसाचा एकुलता एक आवाज आपण पोपटं हाकलायला टांगला! "आणतो आई, आत्ता आणतो," म्हणत ती अनवाणीच शेताकडे पळाली.

बांधीवर देवांची चित्रं असलेल्या सीड्या गरगरत होत्या. कोरी कुठंच नाही. एक दोरा नुसताच लोंबत होता. धानात उतरून ती चिखल चाचपत राहिली, देवाला नाही नाही ते बोलली, तेव्हा कुठं सीडी हाताला लागली. एका कडेचा चंदेरी थर उडालेला. पुसावं तर चरे पडतील, न पुसावं तर चिखल वाळेल. तिनं ती तशीच दोन बोटांत धरून घरी आणली.

"आई, मीच टांगली होती. मले मारा, काय वाट्टेल ते करा."

शकुंतलाबाईंनी तिच्या बोटांतली सीडी काढून घेतली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं! त्यांनी पाण्याखाली सीडी धरली, पदरानं टिपली आणि प्लेयरमध्ये घातली. प्लेयर कण्हला. पडदा काळा. मग नुसते चौकोनच चौकोन, खरखर, पुन्हा काळा. दामिनीनं डोळे मिटून घेतले.

आणि एक माणूस हसला.

पोट धरून, ठसका लागेपर्यंत. पाठोपाठ एक तरुण बाई बोलली, "हळू हसा जी, लोकं पाहून राहिले!" सीडी अडकली, मागं उडी मारून पुन्हा तिथंच आली. दामिनीनं मोबाइल उचलला, रेकॉर्डिंग लावलं आणि तो टीव्हीच्या अगदी जवळ धरला. लाईन जाऊ नये, कुणी दार वाजवू नये, एवढंच ती मनात म्हणत होती.

पुन्हा हसू आलं. या खेपेला मात्र बाईचं बोलणं खरखरीत बुडालं. तिसऱ्या खेपेला तर तिथं काहीच उरलं नव्हतं.

शकुंतलाबाईंनी टीव्हीवर हात ठेवला आणि त्या रिकाम्या जागी स्वतःच म्हणाल्या, "हळू हसा जी, लोकं पाहून राहिले."

प्लेयर खट्टकन बंद पडला. मग काही केल्या सुरू झाला नाही.

दामिनीनं जीव मुठीत धरून मोबाइल लावला. हसू आलं, खणखणीत. त्याच्यामागून सासूचा थकला, कापरा आवाज.

"हे तं तसेच जवान हायेत," शकुंतलाबाई म्हणाल्या. "मीच म्हातारी झालो व, पोरी."