सर्द-गरम

अंगणवाडीत तीस वर्षं काढलेली बाई सहलीला निघाली की बाकीच्यांना डोकं चालवायची सोय उरत नाही. मी तसलीच आहे, मला कुणी सांगायला नको. मे महिन्यातल्या त्या रविवारी धरणापलीकडच्या ओळखीच्यांच्या आंब्याच्या बागेत जायचं ठरलं, तेव्हा इंदिरानगरच्या माझ्या स्वयंपाकघरातून मी आदल्या दिवशीच फर्मान काढलं. दहीभात नको, उन्हात आंबतो. काकडी तिथंच चिरायची. जेवणाआधी साबणाने हात, कुणाचेही लाड नाहीत.

"आक्का, सहल आहे का लसीकरण?" हिरामण म्हणाला. हिरामण माझा धाकटा भाऊ, मनमाडला रेल्वेत. बायको शुभांगी आणि बारावी झालेली लेक चैताली यांना घेऊन तो शनिवारीच आला होता. आई गेली तेव्हा तो सहा वर्षांचा, त्याला मीच वाढवला. पन्नाशीला टेकला तरी माझ्या शब्दाबाहेर नाही, आणि त्याचा मला केवढा तोरा.

बागेत पोचल्या पोचल्या त्याने चैतालीला आणि बागवाल्यांच्या पोरांना घेऊन क्रिकेट मांडलं. अकरा ते एक. "सावलीत ये रे मेल्या," मी चारदा ओरडले. आला तेव्हा तोंड लालबुंद, सदरा पिळून काढावा असा. थेट बर्फाच्या पाण्याच्या जारकडेच गेला. मी त्याच्या हातातला पेला काढून घेतला. "उन्हातून आलास, लगेच पाणी ढोसायचं नाही. बाधतं. गुळाचा खडा तोंडात टाक आणि अर्धा तास गप बस." तो बसला. लहानपणापासून बसतच आला होता.

थोड्या वेळाने म्हणाला, डोकं ठणकतंय. मग मला "आई" म्हणाला. आम्ही हसलो. मग म्हणाला, "आई, गाडी कितीची आहे?" तेव्हा शुभांगी हसायची थांबली. मी त्याच्या कपाळाला हात लावला. कातडी तव्यासारखी तापलेली, पण कोरडी. आणि मी, तीस वर्षं बायकांना आरोग्याचे धडे देणारी मी, काय म्हणाले असेन? "घाम गेला. ऊन उतरतंय आता."

चैताली जार उचलून आली. मोबाइलवर कुठंतरी बघितलेलं तिने. "आत्या, अंगावर ओतायचं असतं."

मी जार धरला. "वेडी का काय तू? तापल्या अंगावर बर्फाचं पाणी? सर्द-गरम होईल. लकवा मारतो." हे मी आईकडून शिकले, आई तिच्या आईकडून. तापलेलं अंग एकदम गार केलं की सर्द-गरम होतं, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. चैताली रडकुंडीला आली, पण तिने जार खाली ठेवला. वारं लागू नये म्हणून मी त्याच्यावर चादर घातली. मे महिन्यात, भर दुपारी, चादर.

वीस मिनिटांनी त्याला झटके यायला लागले. गाडीत घालून दवाखान्यात पोचायला पाऊण तास गेला. डॉक्टर अगदीच पोरगेला होता. ताप बघितला, एकशे सात. त्याने बर्फ मागवला आणि माझ्यासमोर हिरामणच्या अंगावर गार पाणी ओतायला लावलं. कसला लकवा नि कसलं काय. मग माझ्याकडे वळून विचारलं, "तिथं पाणी नव्हतं का?"

"होतं," मी म्हणाले. "वीस लिटर."



आज नववा दिवस. श्वास मशीनवर चालू आहे, किडन्या बंद पडल्यात. मेंदूला फार मार बसलाय, ते जागे होतील अशी आशा धरू नका, असं काल सकाळी सांगितलं. चैताली माझ्याशी बोलत नाही. बरोबरच आहे तिचं.

काल दुपारी मी आणि शुभांगी बाहेरच्या बाकावर बसलो होतो. मला राहवेना. "शुभांगी, मीच मारलं गं त्याला. मला शिव्या दे, काहीतरी बोल."

 ती म्हणाली, "ताई, मागच्या उन्हाळ्यात फलाटावर एक हमाल असाच बडबडायला लागला होता. यांनी नळाखाली धरला त्याला. वाचला तो. घरी येऊन सगळं सांगितलं होतं मला. चैतालीने जार आणला तेव्हा मला ते आठवलं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही मोठ्या ना, ताई. तुमच्यापुढे मी कशी बोलणार?"

ती रागाने बोलली असती तर मी झेललं असतं. ती अगदी साधेपणाने बोलली, नेहमी बोलते तशी, आणि मला म्हणाली, तुम्ही सकाळपासून काही खाल्लं नाही, चला.