शेडमधलं दुसरं इंजिन

मिस्त्रींनी स्वतःच्या गाडीचं इंजिन जाळलं, तेव्हा कुठे हा स्मृतिभ्रंश आहे हे डॉक्टरांचं म्हणणं त्यांच्या बायकोला, शिवणबाईंना, खरं वाटायला लागलं. तोवर त्या ते कानामागे टाकत होत्या. वय झालं की माणूस विसरतो, त्यात काय एवढं, असं त्या लेकीला फोनवर सांगायच्या. पण चाळीस वर्षं लोकांच्या गाड्या दुरुस्त केलेला माणूस, रेडिएटरमध्ये थेंबभर पाणी नसताना, बॉनेटमधून वाफ निघत असताना गाडी तशीच हाकत राहतो, याला विसरणं कसं म्हणायचं? गाडी शेवटी भर चौकात बंद पडली. शेजारच्या टपालवाल्याने दोघांचौघांना गोळा करून ती ढकलत घरी आणली. आत मिस्त्री स्टिअरिंग धरून शांत बसले होते, जणू गाडी आपणहून चालली आहे.

हेड तडकलं होतं, पिस्टन सिलिंडरला चिकटून बसले होते. हे मिस्त्रींनी स्वतःच दुसऱ्या दिवशी बॉनेट उघडून सांगितलं, अगदी गिऱ्हाइकाला सांगावं तसं. "चालवणाऱ्याला अक्कल नव्हती," असंही म्हणाले.

घरामागच्या शेडमध्ये, ताडपत्रीत गुंडाळलेलं, त्याच बनावटीचं एक इंजिन पडून होतं. कुठल्याशा ठोकर बसलेल्या गाडीतून मिस्त्रींनी ते कधीकाळी काढून ठेवलं होतं. ताडपत्रीचं टोक उचलून ते म्हणाले, "हे बसवू. चार दिवसांचं काम."

"कोण बसवणार?" शिवणबाईंनी विचारलं.

"मी. तू पाने दे फक्त."

लेक फोनवर वैतागली. "आई, डॉक्टरांनी गाडी चालवायला बंदी केलीये आणि तुम्ही इंजिन कसलं बदलताय? मुळात ती गाडी चालवणार कोण आहे?"

"कोणी नाही. पण डॉक्टरच म्हणाले ना, हाताला काम ठेवा म्हणून. मग त्यांच्या हाताला हे सोडून दुसरं कुठलं काम येतं?"

बाईंनी तिला अर्धंच सांगितलं होतं. मनातून त्यांना वाटत होतं की काम सुरू झालं की माणूस ताळ्यावर येईल. असं वाटायला आधार काही नव्हता, पण वाटत होतं खरं.

आणि सुरुवातीला तसं घडलंही. मिस्त्रींनी निळा डगला चढवला, बॅटरीच्या तारा सोडवल्या, खाली परात सरकवून जुनं तेल सोडलं आणि "बॉनेटची चार बोल्टं काढ, मी धरतो" असं फर्मावलं. आवाज पूर्वीचा होता. बाईंनी जन्मभर शिवणयंत्र चालवलेलं, गल्लीतल्या निम्म्या पोरींना कापायला-बेतायला शिकवलेलं. त्यांचे हात काही अडाणी नव्हते. मिस्त्रींच्या बोटांना कापरं भरलेलं असायचं, म्हणून हळूहळू पाना त्यांच्या हातातून बाईंच्या हातात आला, आणि मिस्त्री उलट्या ठेवलेल्या डब्यावर बसून सांगू लागले.

"डावीकडे फिरव. अगं, तुझी डावी नाही, बोल्टची."

"बोल्टला डावं-उजवं असतं?"

"सगळ्यांना असतं."

वायरी सोडवायच्या आल्या तेव्हा मिस्त्री म्हणाले, पाटीवर लिहून ठेव कुठली कुठे ते. बाईंनी लिहिलं नाही. त्यांनी दोऱ्याची रिळं आणली आणि जिथून वायर काढली तिथे आणि वायरीच्या टोकाला एकाच रंगाचा दोरा बांधला. रंग संपले तेव्हा दुपदरी बांधला, मग गाठी मारून. मिस्त्री वाकून बघत राहिले. "चाळीस वर्षांत हे मला सुचलं नाही," म्हणाले आणि मोठ्याने हसले. लग्नानंतर पहिल्या काही वर्षांत ते असे हसायचे. बाईंनी तोंड फिरवून नाक पुसलं आणि सगळ्या गालाला काळं फासून घेतलं.

रेडिएटर निघाला, सायलेन्सरचा नळ सुटला, गिअरबॉक्सची बोल्टं निघाली. त्यातलं सगळ्यात वरचं बोल्ट दिसतच नव्हतं. हात मागे घालून आंधळेपणाने शोधायचं. "दिसत नाही ना? मग बघू नकोस. डोळे मीट," मिस्त्री म्हणाले. बाईंनी डोळे मिटले आणि ते बोल्ट बोटांना लागलं. रविवारी टपालवाला आला, त्याने शेडच्या लोखंडी तुळईला चेनपुली अडकवली आणि मेलेलं इंजिन वर उचललं गेलं. गाडीच्या पोटात नुसता काळा खड्डा राहिला. त्या दिवशी तिघांनी शेडमध्येच बसून चहा घेतला आणि मिस्त्रींनी टपालवाल्याला स्वतःच्या उमेदवारीतली एक गोष्ट सांगितली, नीट, पहिल्यापासून शेवटपर्यंत.

"वहिनी, मिस्त्री तर एकदम ठणठणीत झाले," जाताना तो हळूच म्हणाला.

बाईंनी त्या रात्री लेकीला हेच शब्द कळवले.

पण हा जोर टिकला नाही. दुसरं इंजिन धुऊन-पुसून तयार करायला आठवडा लागला आणि त्या आठवड्यात मिस्त्री दिवसागणिक मागे मागे जात राहिले. एकदा क्लचची प्लेट बसवताना त्यांनी अर्धं वाक्य सांगितलं आणि थांबले. बाई पाना धरून बसल्या. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "काय म्हणत होतो मी?"

"प्लेट मधोमध आली पाहिजे म्हणत होता."

"हो. का?"

का, ते बाईंना कुठून माहीत असणार. त्यांनी प्लेटच्या भोकातून पलीकडचं भोक बघितलं आणि बाही खांद्याला लावताना आधी टाचणीने मध्य धरतात तसा धरला. बरोबर बसलं. मिस्त्रींनी बघितलं नाही. ते शेडच्या दाराकडे बघत होते.

पुढच्या रविवारी दुसरं इंजिन आत सोडायचं होतं. टपालवाला साखळी ओढत होता, इंजिन खड्ड्याच्या वर टांगलेलं, आणि बाई दोन्ही हातांनी ते सरळ धरून गिअरबॉक्सच्या दांड्यावर आणत होत्या. बोटं मधे होती. मिस्त्रींचं काम एवढंच की बाजूने बघून 'वर', 'खाली', 'थांब' म्हणायचं.

"थोडं खाली," मिस्त्री म्हणाले. "अजून थोडं. थांब. आलोच मी."

आणि ते शेडबाहेर गेले.

बाईंना वाटलं, एखादं हत्यार आणायला गेले असतील. टपालवाल्याने साखळी दोन्ही मुठींनी आवळून धरली होती, त्याचे दंड थरथरायला लागले. बाईंची बोटं लोखंडाच्या दोन तोंडांच्या मधे होती, आणि हलावं तर इंजिन झोकांडी खाऊन टपालवाल्यावरच जाणार. "वहिनी, मिस्त्रींना हाक मारा," तो म्हणाला. बाईंनी हाक मारली. दोनदा मारली. मग त्याच म्हणाल्या, "वर घ्या. हळूहळू. मी हात काढते." टपालवाल्याने दात-ओठ खात इंजिन वीतभर वर घेतलं, बाईंनी हात काढले, आणि साखळी अडकवून दोघं तिथेच जमिनीवर बसले.

मिस्त्री स्वयंपाकघरात होते. साबणाने हात स्वच्छ धुऊन, बाह्या खाली करून, ताट यायची वाट बघत बसले होते.

"आज उशीर झाला गं जेवायला," ते म्हणाले.

बाईंनी त्यांना वाढलं. ते जेवून होईपर्यंत समोर बसल्या. मग परत शेडमध्ये जाऊन टपालवाल्याला म्हणाल्या, "चला, आपण दोघं उरकून टाकू." इंजिन बसलं. पण टपालवाला त्या दिवशी चहाला थांबला नाही.

त्यानंतर मिस्त्री शेडमध्ये आलेच नाहीत. खिडकीशी खुर्ची ओढून बसायचे आणि बाहेर कुणी दिसलं की विचारायचे, कोण आहे. बाईंनी एकटीने सगळं जोडलं. रोज थोडं. दोऱ्याचे रंग जुळवत वायरी लावल्या, नळ्या आवळल्या, रेडिएटर बसवला. अडलं की घरात जायच्या आणि विचारायच्या, "अहो, पंख्याचा पट्टा किती ताठ ठेवायचा?" कधी उत्तर यायचं, कधी मिस्त्री नम्रपणे म्हणायचे, "मिस्त्रींना विचारून सांगतो." मग तेही अंगवळणी पडलं.

आता हे कशासाठी चाललंय, असा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला नाही असं नाही. पण हातात घेतलेलं शिवण उसवून टाकायची त्यांना सवय नव्हती. आणि लेक शनिवारी यायची होती. तिच्यासमोर गाडी चालू झाली, तो आवाज मिस्त्रींच्या कानावर पडला, तर कोण जाणे. शुक्रवारी त्यांनी नवं तेल भरलं, तेल मोजायची पट्टी बाहेर काढून दोनदा बघितलं, पाणी भरलं, बॅटरी जोडली.

शनिवारी सकाळी बाई आंघोळ करून आल्या तर खिडकीशी खुर्ची रिकामी. शेडमधून खुडबुड ऐकू येत होती. मिस्त्री निळा डगला घालून गाडीशेजारी उभे होते, हात पुसत. चेहरा कामातल्या माणसाचा.

"झालं बघ," ते म्हणाले. "आता चालू करायला हरकत नाही."

बाईंना इतका आनंद झाला की काय झालं, हे विचारायचं त्यांना सुचलंच नाही.

लेक तासाभराने आली. तिघं शेडमध्ये गेले. बाई चालकाच्या जागी बसल्या, मिस्त्री बॉनेटपाशी, लेक दारात. किल्ली फिरवली. दोनदा नुसती घरघर झाली, तिसऱ्यांदा इंजिन सुरू झालं आणि सगळी शेड दणाणली. मिस्त्रींनी तळहात लोखंडावर ठेवला, डोळे मिटले आणि मान हलवली.

"रेस दे," ते ओरडले. बाईंनी पाय दाबला. लेक चक्क टाळ्या वाजवत होती.

दोनेक मिनिटं गेली असतील. मिस्त्रींच्या कपाळावर आठी आली. आवाजात एक बारीक ठोका मिसळला होता, तो त्यांनी सगळ्यांच्या आधी ऐकला. "बंद कर," ते म्हणाले. बाईंना ऐकू गेलं नाही. "बंद कर, बंद कर." ठोका मोठा झाला, कुणी आतून हातोडा मारावा तसा, मग एक कर्कश किंकाळी निघाली आणि इंजिन जागच्या जागी जाम झालं. सगळं शांत झालं.

मिस्त्रींनी तेलाची पट्टी उपसली. टोकाला तेलाची नुसती ओल होती.

"तेल नाही यात," ते म्हणाले. "कुणी चालू केलं हे तेल न घालता?"

बाई खाली उतरल्या. गाडीखाली परात होती, ताज्या तेलाने माखलेली. कोपऱ्यातल्या टाकाऊ तेलाच्या पिंपाचं झाकण उघडं होतं. शेडमध्ये कुठलीही गाडी आली की मिस्त्री सगळ्यात आधी तिचं जुनं तेल सोडत; चाळीस वर्षांचा शिरस्ता. सकाळी त्यांना शेडमध्ये एक गाडी दिसली होती. त्यांनी तेल सोडलं, खालचं बोल्ट परत घट्ट आवळलं, फडक्याने लखलखीत पुसलं. सगळं कसं चोख. फक्त नवं तेल भरायचं राहिलं.

लेकीनेही परात बघितली होती. तिने तोंड उघडलं तसं बाईंनी तिच्याकडे बघितलं आणि ती गप्प बसली.

"मी विसरले," बाई म्हणाल्या.

"विसरलीस?" मिस्त्रींचा आवाज चढला. "अगं, पहिला धडा हा. किल्लीला हात लावायच्या आधी पट्टी बघायची. किती वेळा सांगितलं? चांगलं इंजिन मारलंस. आता बेअरिंग नाही, क्रँक नाही, काही उरलं नाही यात. कुणाला तोंड दाखवणार आपण?"

बाई मान खाली घालून ऐकत राहिल्या. मिस्त्री बराच वेळ बोलत होते, मुद्द्याला धरून, एकही शब्द न चुकता. मग दमले आणि डब्यावर बसले.

"जाऊ दे," ते म्हणाले. "रडू नकोस. नवशिक्याकडून होतं."

दुपारी त्यांना त्यातलं काही आठवत नव्हतं. लेकीला त्यांनी विचारलं, तुम्ही कुणाकडे आलात. ती न्हाणीघरात जाऊन रडली. संध्याकाळी तिने आईला समोर बसवलं आणि आता दोघांनी तिच्याकडे यायचं, हे घर बंद करायचं, असं ठरवूनच टाकलं. बाईंनी फार ताणलं नाही. एवढंच म्हणाल्या, "तिथे त्यांना काय काम देशील?"

भंगारवाला महिनाअखेरीस ट्रक घेऊन आला. गाडी नेली, मेलेली दोन्ही इंजिनं नेली, पाने आणि चेनपुलीही नेली. मिस्त्री खिडकीशी बसून बघत होते. बाईंनी त्यांच्याशेजारी उभं राहून विचारलं, "अहो, आपली गाडी चालली. बघताय ना?"

त्यांनी बाईंकडे नीट, सभ्यपणे बघितलं.

"चांगली गाडी होती का?" त्यांनी विचारलं.

"बरी होती," बाई म्हणाल्या आणि सामान बांधायला आत गेल्या.