ढेकळातला बेडूक

"मरण असं काही नसतंच! असते ती फक्त कोरडी माती!" चिखलमहाराज गरजले, आणि तीच कोरडी माती नाकात गेल्यामुळे लागोपाठ शिंकत सुटले. गर्दीनं शिंकाही मंत्रातच धरल्या आणि हात जोडले.

वीटभट्टीच्या छपराखाली मुंगी शिरायला जागा नव्हती. महाराजांनी टोपलीतलं एक टणक ढेकूळ पाटावर ठेवलं, तांब्यातलं पाणी ओतलं आणि पुटपुटत बसले. ढेकूळ हळूहळू भेगाळलं. आतून एक गोलमटोल बेडूक, झोपमोड झालेल्या कारकुनासारखा, नाराजीनं बाहेर आला.

"मेलेला जीव उठला! का उठला? कुणी हलवलं नाही, डिवचलं नाही! माती, मौन आणि महाराज!"

भट्टीवर बेडकांचं खरं तर अप्रूप नव्हतं. संध्याकाळी मातीच्या ढिगावर पाणी मारायचं आणि सकाळी ती तुडवायची, ही इथली रीत. सकाळी ढिगावर बेडूक बसलेले असायचेच. ते रात्री तळ्यावरून गारव्याला येतात, असं सगळे धरून चालले होते. ते ढिगाच्या पोटातूनच वर येत असतील, हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. त्यामुळे ढेकळातून बेडूक निघाला की चमत्कार.

मीही हसून सोडून दिलं असतं. पण माझे भाऊजी, याच भट्टीचे मिस्त्री, अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळले होते. डॉक्टरांनी बजावलं होतं, लुळे हातपाय रोज हलवा, नाहीतर कायमचे आखडतील. महाराजांनी बजावलं, बोटही लावू नका. अक्कानं महाराजांचं ऐकलं. व्यायाम करून घेणाऱ्या बाईंना तिनं दारातूनच परतवून लावलं. भाऊजींच्या डोळ्यांवर ओलं फडकं, अंगावर मातीचा लेप, आणि खोलीत बोलायला बंदी.

"अक्का, त्यांची मूठ उघडत नाहीये बघ."

"हं."

"तू जेवलीस का?"

"जेवले असेन."

ही माझी बहीण भांडणात अख्ख्या आळीला पुरून उरायची. आता ती दाराच्या कडीकडे बघत बसायची, आणि मी तिच्याकडे. दोघांनाही काही वाटत नव्हतं.

मग भाची आली. ती बेडकांचा अभ्यास करते. नातेवाइकांत आम्ही तिला 'प्राणिशास्त्र' म्हणतो. तिनं वडिलांना पाहिलं, आईचा हात धरला आणि सरळ छपराखाली आली. मी मागोमाग.

तिनं टोपलीतलं ढेकूळ उचललं.

"हात लावू नकोस पोरी, भस्म होशील!"

"चालेल," ती म्हणाली आणि ढेकूळ नळाखाली धरलं. मंत्र नाही, मौन नाही; मागे कुणीतरी खोकतही होतं. बेडूक निघाला. मग तिनं अंगणातलं एक साधं ढेकूळ महाराजांपुढे ठेवलं.

"आता यावर म्हणा मंत्र."

"त्याची वेळ आलेली नाही."

"वेळ की बेडूक?"

गर्दीत कुणीतरी फिस्सकन हसलं. भाचीनं फुटलेलं ढेकूळ सगळ्यांपुढे धरलं. दोन अर्धी थापून जोडलेली, आत बोटं उमटलेली. हाताचं थापकाम काय असतं, हे भट्टीवर कुणाला शिकवावं लागत नाही.

"तळ्याच्या आटलेल्या कडेतून बेडूक खणायचा, ओलसर मातीत थापायचा, सावलीत वाळवायचा. झाला चमत्कार!" ती म्हणाली. "हा मेलेला नव्हताच. कोरड्या दिवसांत हे जमिनीत दडी मारतात. कुणाच्या टाचेला फावड्यासारखा उंचवटा, तो मागे सरकत खोदतो. कुणाचं नाक टोकदार, तो डोकं खुपसतो. कुणी स्वतःच्याच कातडीचं पांघरूण करतो. एकमेकांचे सख्खे नव्हेत, जगाच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांत राहणारे. तरी मातीनं सगळ्यांना एकच धंदा शिकवला. ज्यांना जमलं त्यांची पिल्लं उरली. लाखो वर्षं हेच."

मग ती अक्काकडे वळली. "आई, महिनोन्महिने न हलताही बेडकाचे स्नायू फारसे झिजत नाहीत. तो तसा घडलाय. अप्पा बेडूक नाहीत गं."

अक्कानं बेडकाकडे पाहिलं. मग घराकडे चालू लागली. महाराजही चालू लागले, उलट दिशेला, टोपलीसकट.

मंडळी, माझं एवढंच म्हणणं आहे. चमत्कार दिसला की तो एकदा मंत्राशिवाय करून बघा. आणि जे बेडकाला मानवतं ते माणसाला मानवेलच, असं धरू नका. डॉक्टरांना विचारा.

घरी अक्कानं भाऊजींच्या डोळ्यांवरचं फडकं काढलं, लेप पुसला, आणि आखडलेली मूठ हातात घेऊन एकेक बोट सोडवू लागली. भाऊजींचे ओठ हलले. आम्ही तिघं वाकलो. इतक्या दिवसांचं मौन, काहीतरी मोठं ऐकायला मिळणार.

"मी... जागाच होतो," ते अडखळत म्हणाले. "कुणीतरी... पाठ खाजवा."